बापसाचं न वाढलेलं पान

गो चेडवा, जरा जवळ ये, कान इकडे कर. फोनवर मी बोलायला लागले की तू "हां आजी, हां आजी" करत राहतेस आणि मागे कढईत काहीतरी चुरचुरत असतं. अर्धं माझं बोलणं, अर्धी तुझी फोडणी. शहाणी गो तू! म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं सगळं वाण्याच्या पुडीचे कागद वाचून शिकले. शुद्धलेखन काढत बसू नको.

सांगायचंय ते माझ्या बापसाचं. तुझ्या पणजोबांचा तो थोरला भाऊ. मी त्याला पाहिलेला नाही. पलटणीत आचारी होता. हातात बंदूक नव्हती, ओगराळं होतं. मी आईच्या पोटात असताना बोटीने सिंगापूरला गेला. तिथे पलटणीने हत्यारं खाली ठेवली आणि जपान्यांनी शिपायांबरोबर आचाऱ्यांनाही कैदेत घातलं. मग पत्र नाही, तार नाही.

लढाई संपल्यावर त्याचा एक सोबती जिवंत परत आला. तोंडवलीचा. आमच्या खळ्यात येऊन बसला, तेव्हा मी आईचा पदर धरून उभी होते, एवढंच मला आठवतं. बाकीचं आईने इतक्या वेळा सांगितलं की माझंच झालं. आईने त्याला गूळपाणी दिलं. तिच्या कपाळावर हे एवढं मोठं कुंकू. त्याने ते बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, "वैनी, सयामात रेल्वेचा काम होता. मगे माका दुसऱ्या छावणीत धाडल्यानी. पुढे भेट नाय." सयाम म्हणजे आताचं थायलंड, सिंगापुरातल्या कैद्यांना तिकडे नेलं होतं.

"म्हणजे तुम्ही डोळ्यांनी काय बघलात नाय?"

"नाय."

"मगे आसा तो," आई म्हणाली.

झालं. तेवढ्यावर ती पुढची सगळी वर्षं जगली. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग दर्भाचा माणूस करून जाळतात, हे तुला ठाऊक नसेल. बारा वर्षं भरली तेव्हा घरातल्या थोरांनी विषय काढला. आई चुलीपुढून उठली नाही. "तुमका जाळूचो आसा तर आधी माका जाळा," म्हणाली. परत कुणाची टाप झाली नाही विचारायची. हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं. कुणी नाक मुरडलंच तर शेजारची काकी म्हणायची, "हिचो घोव सयामात, माझो मुंबैक गिरणीत. माझो तरी खंय घराक आसा? काढा माझाय कुंकू!"

मी लग्न होऊन मालवणात गेले. पोरंबाळं झाली, म्हातारी व्हायला लागले. कुडाळला रेल्वे आली तेव्हा सगळा गाव टेम्पो करून गाडी बघायला गेला. तोंडवलीच्या त्या सोबत्याला त्याच्या मुलाने चल म्हटलं, तर म्हातारा म्हणाला, "रूळ बघलंय मी. पुरे." त्याच सुमारास मी तोंडवलीला लग्नाला गेले होते. पंगतीतून त्याने मला हाक मारून बाजूला नेलं, माडाखाली बसवलं.

"बाय, तुझ्या आवशीक मी खोटा सांगलंय."

मग त्याने सगळं सांगितलं. बापसाला तिथे रांधायला ठेवलं नव्हतं, माती उपसायला लावलं होतं. डोंगर फोडायचा, टोपलीने माती भरावावर टाकायची. ठरलेली माती पडल्याशिवाय छावणीवर परत यायचं नाही. आजारी माणसाला अर्धंच जेवण, का तर तो काम करत नाही. बापूस आचारी ना, त्याला ते सहन व्हायचं नाही. स्वतःच्या भातात पाणी घालून पेज करायचा आणि पडलेल्या माणसांना पाजत फिरायचा. "आमी तेका शिव्या घालू," म्हातारा म्हणाला. "म्हणू, मेल्या, तू मरशीत. तर हसायचो नि म्हणायचो, घराक असतंय तर ह्येच्यात कोकमाची सोलां टाकलंय असतंय." पावसाळ्यात पटकी आली. दोन दिवसांत बापूस गेला. पटकीचं प्रेत ठेवू देत नसत. बांबू रचून जाळायचं. "मीच आग लावलंय. ओले बांबू, बाय. आगीत फुटत, फटाफट. अजून माका मेजवानीत कोणी फटाके लावले तर जेवण जाणा नाय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुझ्या आवशीचा कपाळ बघलंय आणि जीभ वळली नाय. तू मोठी झालंस की सांगूया म्हटलंय, तर तू लगीन करून गेलंस."

दिवस कुठला, तिथी कुठली, ते त्याला माहीत नव्हतं. तिथे पंचांग कुणाकडे असणार!

आता माझी चूक ऐक. तुझ्या बापसाची काढते, तशी माझीही काढायला हवी. मी माहेरी गेले आणि आईला काहीच बोलले नाही. तिला थकलेली बघितली आणि माझीही जीभ वळली नाही. काही वर्षांनी आई गेली. बायका जमल्या, कुणीतरी विचारलं, "हिरवा लुगडा काय गो?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं ठाऊक असलेली मी एकटी. मी म्हटलं, "हिरवं." हिरवं लुगडं, हिरवा चुडा, ओटी भरून आईला सवाष्ण म्हणून नेली.

तिथूनच गुंता. तेव्हापासून दर भाद्रपदात माझ्या माहेरी, म्हणजे तुमच्या घरी, अविधवा नवमी होते. नवऱ्याआधी गेलेल्या बाईची. सवाष्ण जेवायला बोलावतात, तिला खण देतात, सगळं अगदी हौसेने. पण नवमी घातली म्हणजे नवरा जिवंत, आणि नवरा जिवंत म्हणजे सर्वपित्री अमावास्येला पितरांच्या म्हाळात त्याचं नाव घ्यायचं नाही. घरातल्या सगळ्या मेलेल्यांचं पान वाढतात. आजा, पणजा, लहानपणी गेलेला माझा काका, सगळे जेवतात. आणि दुसऱ्यांना आपली पेज पाजणारा तो एकटा उपाशी. त्याच्या नावाने पाण्याचा एक थेंबही कुणी सोडलेला नाही.

गेल्या नवमीला मी तुझ्या बापसाला सगळं सांगितलं. पानं उचलायची होती तेवढ्यात. तो म्हणाला, "आत्ये, आता? इतक्या वर्षांनी?"

"आता नाही तर कधी? मी मेल्यावर?"

"म्हणजे आजीक आता विधवा करूची?"

त्यात तुझी आई म्हणाली, "सवाष्णी इतक्या आनंदानं येतात, आत्या. त्यांना काय सांगायचं?" जसा काही मी त्यांचा खण काढून घेणार होते!

मी भटजींकडे गेले. ते बिचारे हसले. म्हणाले, "नवमी चालू ठेवा, तिथी ठाऊक नाही त्याला अमावास्या आहेच, तिथे नाव घ्या. आईची श्रद्धा तिच्यापाशी, बापाचं पाणी बापापाशी. कोण विचारतो?" मी धावत येऊन सांगितलं तर तुझा बापूस म्हणतो, "दोन्ही कशी गो आत्ये? लोक हसतले. पुढच्या वर्षी बघूया." पुढच्या वर्षी! मला अमावास्या किती उरल्यात ते माझे गुडघे सांगतात. मी ओरडले, तो पंखा लावून आला. मी रडले, तो चहा करून घेऊन आला. भांडण तरी धड करावं माणसाने!

मी केलं असतं गो. पण मी दुसऱ्या घरात दिलेली. त्या घराच्या म्हाळात नाव त्या घरच्याच माणसाने घ्यायला हवं, ते पान तिथेच वाढायला हवं. माहेरवाशीण किती जरी बोलली तरी ती पाहुणी.

तुझा बापूस माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. लहान होतीस तेव्हापासून तू हट्ट धरलास की त्याचं काही चालत नाही. फोनवर सांगू नको, फोनवर तो "बघतो" म्हणेल. समोर येऊन बस. नवमी करू दे, आईचं काही मोडू नको. फक्त अमावास्येला एक पान जास्त वाढायला लाव, आणि त्याचं नाव मोठ्याने घ्यायला लाव. पानावर पेज मी स्वतः करून आणीन. रजा मिळत नाही म्हणू नको. नवमीच्या आधीच ये बाय, लवकर ये.