बोलता यावं, गाता येऊ नये

अहमदपूरच्या बाजारपेठेत पंचाक्षरी अप्पांचं भांड्यांचं दुकान. गादीवरून बोट दाखवायचं आणि गड्यानं शिडीवर चढून घागर काढायची, एवढाच अप्पांचा व्यायाम. तरी गिऱ्हाइकाला सांगायचे, "आम्ही कबड्डीवाले. अंग अजून तसंच हाय." तसंच होतं, फक्त त्याच्यावर दुसरं एक अंग चढलं होतं. सदऱ्याच्या गुंड्या लावताना ते त्यांना रोज कळायचं.

एकदा बायकोला, रुद्राणीबाईंना, पित्तासाठी दवाखान्यात नेलं. डॉक्टर वर्षाराणी ओळखीतलीच पोरगी. अप्पांनी ऐटीत स्वतःचा दंड पुढं केला. "बघ, ठणठणीत माणसाचं बीपी कसं असतं ते!"

तिनं बघितलं. मग दुसऱ्या हाताचं बघितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोनदा बोलावलं, पण आकडा काही एकशे सत्तरच्या खाली येईना.

"काका, ही गोळी रोज. आणि रोज चालायचं. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये. गाता आलं तर लई हळू, बोलता येईना तर लई जोरात."

अप्पांनी 'गोळी' ऐकलं, 'चालायचं' ऐकलं, पुढचं सोडून दिलं. कबड्डीवाल्याला चालणं शिकवायचं म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरेशुभ्र बूट घालून अप्पा नांदेड रोडला निघाले. थोडं गेले असतील नसतील, तोच मागून कस्तुराबाई आल्या आणि सरळ पुढं निघून गेल्या. पासष्टीची बाई, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, पायात जुनी चप्पल, शेताकडं निघालेली. अप्पांना ते सोसवेना. त्यांनी पाय उचलले. शर्यत लागलीय हे कस्तुराबाईंना ठाऊकच नव्हतं.

अप्पा पुढं गेले खरे, पण पुलापाशी डोळ्यांपुढं अंधारी आली. कठडा धरून ते मटकन खाली बसले.

"काय झालं हो अप्पा?" मागून आलेल्या कस्तुराबाईंनी विचारलं.

'बुटाची नाडी सुटली' असं सांगायचं होतं, पण तोंडातून शब्दच निघेना. त्यांनी नुसतं बुटाकडं बोट दाखवलं. बाईंना वाटलं, बूट चावतोय. त्यांनी तो ओढून काढला, पाणी पाजलं आणि रिक्षा थांबवून एक पाय अनवाणी असलेल्या अप्पांना दवाखान्यात आणलं.

कार्डिओग्राम नीट निघाला. वर्षाराणी मात्र तापली होती. "चालताना बोलता येत होतं का?"

अप्पांनी अनवाणी पाय दुसऱ्या पायामागं लपवला.

"आता तरी येतंय का?"

"येतंय. पण काय बोलू?"

रुद्राणीबाईंनी निकाल दिला, "उद्यापासून मी येते संगं."

मग दोघं रोज निघू लागली. रुद्राणीबाई काहीतरी विचारायच्या, अप्पा एक वाक्य बोलायचे, श्वास घ्यायचे, दुसरं बोलायचे. त्यात गंमत अशी झाली की एवढ्या मोजक्या दमात बढाई काही बसेना. एके दिवशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कबड्डीत मी... राखीव गडी होतो. एकदाच उतरलो... पहिल्याच चढाईत बाद."

"म्हाईत हाय. तुमच्या आईनं लग्नातच सांगितलं होतं."

अप्पा एवढे हसले की थांबावं लागलं. मग मजेत त्यांनी एक भजन धरलं आणि अख्खं कडवं म्हटलं.

"गाणं जमायलंय व्हय? चला, पाय उचला!"

चारेक महिन्यांनी यंत्रानं एकशे तीसच्या आसपास आकडा दाखवला. अप्पांचा चेहरा खुलला. "आता गोळी बंद?"

"न्हाई काका. गोळी आणि चालणं, दोन्हीनं मिळून उतरलंय. कमी करायची वेळ आली तर मीच सांगीन."

अप्पांच्या जिभेवर वाद आलाच होता. आपल्या शहाणपणानं मागं काय दिवे लावले, ते आठवलं आणि त्यांनी तो गिळला. खाली मेडिकलमधून गोळ्यांची पाकिटं घेतली. रुद्राणीबाई रिक्षाकडं वळत होत्या, तर म्हणाले, "राहू दे. घर काय लांब हाय? चालतच जाऊ."