अंगणातली हिमनदी

माझी बायको गंगाखेडच्या ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायची. कॅन्सरनं तिला खाटेला खिळवलं, तेव्हा अकरावीचा एकच धडा राहिला होता, हिमनदीचा. परीक्षा जवळ आली तशा वर्गातल्या काही मुली घरी आल्या. तब्येतीची विचारपूस झाली, तरी उठेनात. शेवटी एक म्हणाली, "मॅडम, ते ड्रमलिन काय समजंना गेलंय."

ती खाटेवर उठून बसली. मला म्हणाली, "अहो, रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणता का?"

लादी गोणपाटात गुंडाळून मी स्कूटरवर आणली. तोवर मुलींनी अंगणात काळी माती आणि मुरूम कालवून चिखल पसरला होता, मधोमध एक दगड रोवला होता. तिची खाटही बाहेर काढली होती. मी लादी ढकलायला लागलो.

"हळू! हिमनदीला कसली घाई?" ती ओरडली. तिचा वर्गातला आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग मुलींना म्हणाली, "बर्फ तळाशी वितळतो. ते पाणी गाळात मुरतं. गाळ मऊ पडतो आणि वरच्या ओझ्यानं तोही सरकतो. कुठं अडला की साचतो. बर्फ मात्र वरून जातच राहतो, त्यानंच टेकडीला आकार येतो, तेच ड्रमलिन. बर्फ आला तिकडून बोथट, गेला तिकडं निमुळती."

लादी उचलली. दगडापाशी बोटभर उंचवटा झाला होता, मागं शेपूट लांबलेलं. "खऱ्याला शेकडो वर्षं लागतात बरं," तिनं बजावलं. मुली वाकून आकृती काढायला लागल्या.

त्या गेल्यावर तिनं उरलेला बर्फ जवळ मागितला आणि त्यावर तळहात ठेवला. अंगात ताप होताच.

"आपण हिमालयात गेलो असतो, तर असंच गार लागलं असतं?"

"याहून लय."

"मग बरंच झालं. मला कुठं थंडी सोसते!" ती हसली. पाणी आणतो म्हणून मी आत गेलो आणि माठापाशी उभा राहून रडलो.

पुढं ती फार दिवस राहिली नाही. भेटायला येणारे दुखणं कधी कळलं, कुठं दाखवलं, शेवटी काय खात होती, एवढंच विचारायचे. मी सांगायचो. ती शिकवायची कशी, हे कुणी विचारलं नाही. मलाही आपणहून सांगता आलं नाही.