मंत्री उठून गेला

काशीराम परब दरबारात येऊन बसला त्याला दोन तास झाले, तरी राजाचा पत्ता नव्हता.

सत्त्याऐंशी साल. अंधेरीच्या स्टुडिओत एका ऐतिहासिक मालिकेचं शूटिंग चाललं होतं. गिरणीचा संप बुडाल्यावर काशीरामनं चार धंद्यांना हात लावून पाहिला. त्यातला टिकला तो हा, गर्दीत उभं राहायचा. या वेळी मात्र उंची आणि रुंद कपाळ बघून त्याला थेट अष्टप्रधानांत बसवलं होतं. बोलायचं काही नाही, खूण झाली की मान डोलवायची. बाकीचे सगळे सेनापतीच्या तलवारीवर टपलेले. काशीरामच्या वाट्याला आला मंत्री.

मालिकेला सल्ला द्यायला पार्ल्याचे एक निवृत्त इतिहासशिक्षक येत. त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "मंत्री म्हणजे वाकनीस. बाकीचे राज्य बघतात, हा राजाचं घर बघतो. भेटीला कोण आलं, आमंत्रण कुणाचं घ्यायचं, पंक्तीला कुणाच्या बसायचं, सगळं याच्या नजरेखालून."

काशीरामला हसूच आलं. हे तर आपण घरी करतोच!

बोरिवलीच्या घरातला राजा म्हणजे त्याचा थोरला भाऊ सहदेव. मनानं सोनं, पण होकार द्यायला उतावीळ. समोरचा दोन शब्द गोड बोलला की गडी पाघळलाच. म्हणून वीस वर्षं घरातला प्रत्येक निर्णय एकाच रीतीनं होत आला होता. काशीराम पाणी प्यायच्या निमित्तानं भावाला आत बोलावायचा, कानाशी चार वाक्यं बोलायचा, आणि सहदेव बाहेर येऊन तीच वाक्यं आपली म्हणून ठणकावायचा. ही गंमत घरात सगळ्यांना ठाऊक होती, एक सहदेव सोडून.

आज चार वाजता कणकवलीची माणसं सहदेवच्या जयाला बघायला येणार होती. रविवारचं ठरलेलं, अचानक आजवर आलं. त्यांना लग्न याच वैशाखात हवं होतं. जयाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष, दहा महिने उरलेले, आणि शिकताना लग्न केलं तर पटावरून नाव कमी होणार.

"काका, बाबा हो म्हणून टाकतील हो," सकाळी ती रडकुंडीला आली होती.

"मी आसंय मा? माझ्याशिवाय तुझो बापूस सुपारी फोडूचो नाय."

शूटिंग दोनला सुटणार होतं. राजेच सव्वादोनला उगवले. तीन वाजता काशीराम गर्दीची माणसं पुरवणाऱ्या महादूकडे गेला.

"महादू, सोड रे मला. घरी सोयरीक आहे."

"येडा झालास काय? कालच्या शॉटमध्ये राजाच्या खांद्यामागे तूच दिसतोस. कंटिन्यूइटीची वाट लागेल."

"माझी पगडी दुसऱ्याला घाल ना."

"आणि हे कपाळ? ते काय भाड्यानं आणू?"

पुन्हा दरबार भरला. राजानं मोहीम जाहीर केली. म्हातारे प्रधान म्हणाले, गडावर दाणागोटा नाही. राजा गरजला, बाकी सातही जणांनी माना खाली घातल्या. मग राजा वाक्य विसरला. पुन्हा मोहीम, पुन्हा दाणागोटा, पुन्हा माना. काशीरामच्या पायाला मुंग्या आल्या. आता पाहुणे पायरी चढत असतील. आता वहिनी चहा टाकत असेल. आता दादा मांडीवर थाप मारून हसत असेल. तो हसला की पुढचा शब्द 'हो'च.

लाइट बदलायला थांबले तसा तो शिक्षकांपाशी गेला. "सर, राजानं मंत्र्याचं ऐकलंच नाही तर?"

"ऐकेल, नाही ऐकणार. ते राजाकडे. पण मंत्री जागेवर हवा की नको?"

काशीरामनं पगडी उतरवून महादूच्या हातात दिली.

"गेलास तर उद्यापासून येऊ नकोस!" महादू ओरडला.

अंगरखा बदलायलाही तो थांबला नाही. रिक्षावाल्यानं आपादमस्तक पाहिलं. "महाराज, स्वारी कुठे?"

"बोरिवली. आणि तोंड मिटून हाण."

गोरेगावला सिग्नल, मालाडला सिग्नल. काशीराम प्रत्येक ठिकाणी उतरून पळावं तसा पुढे वाकून बसलेला.

तो दारात पोचला तेव्हा सुपारी ताटात होती, आणि सहदेवचा हात सुपारीवर. झगझगीत अंगरख्यातला हा कोण, म्हणून पाहुणे बघतच राहिले.

"दादा, जरा पाणी पिऊक भीतर ये."

"पाणी हयच मागव," सहदेव खुशीत होता. "काय सांगूचा आसा ता हयच सांग. सगळी आपलीच माणसा."

आजवर चारचौघांत काशीराम भावापुढे कधी बोलला नव्हता.

"ह्या वैशाखात लगीन नको, दादा. जयाचे धा म्हयने रवलेत. सगळा शिक्षण फुकट जायत."

सहदेवचा चेहरा उतरला. "मी शब्द दिलंय, काशी."

"शब्द तुझो. वरस तिचा."

मुलाचा मामा जयाकडे वळला. "काय गो, तुझा काय म्हणणा?"

"माका शिकूचा आसा," जया म्हणाली.

पाहुण्यांनी चहा संपवला, "कळवतो" म्हणाले आणि उठले.

"माणसांत माझी मान खाली घातलंस," एवढं बोलून सहदेव जो गप्प झाला, तो दहा दिवस. महादूनंही शब्द पाळला, काम बंद. काशीराम पहाटेच उठून बसायचा, पोस्टमन येऊन जाईपर्यंत दारातून आत-बाहेर करायचा. खरं सांगून आपण पोरीचं भलं केलं, की चांगलं स्थळ घालवलं? सेटवर निदान चुकलं तर पुन्हा घेता यायचं.

अकराव्या दिवशी पत्र आलं. थांबायला ते तयार होते. मात्र लग्नानंतर मुलीनं नोकरी करायची की नाही, हे आताच ठरवून कळवा, असं लिहिलं होतं.

सहदेवनं पत्र दोनदा वाचलं, उलटून पाहिलं. काशीराम दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. त्याच्याकडे न बघता सहदेव बायकोला म्हणाला, "सुगंधा, इचार तुझ्या भावोजीक, काय लिवचा?"

"वयनी, दादाक सांगा," काशीराम म्हणाला, "पैला जयाक इचार."

सहदेव हुंकारला. जया ड्यूटीवरून येईपर्यंत ते पत्र त्यानं कुणाच्या हाती दिलं नाही.