कंडक्टरमामाची पायी बस

माझ्या मामाने उभ्या आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नाही, आणि तरी रामनगरातल्या पाच बारमध्ये त्याच्याइतकं मानाचं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. तो दारात दिसला की मालक गल्ल्यावरून उठायचा, सोड्याची बाटली फडक्याने पुसून पुढे ठेवायचा, आणि मामा ती उभ्यानेच प्यायचा. खुर्ची दिली तर तिच्या पाठीवर हात टेकायचा, बसायचा मात्र नाही. सगळी नोकरी सरकारी बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडण्यात गेली. बसलं की झोप येते, आणि कंडक्टर झोपला की गाडी आपल्या मनाने जाते, असं त्याचं म्हणणं होतं.

रामनगरच्या कडेला माझं होमस्टे आहे. चार खोल्या, पुढे अंगण, मागे दोन फणस. लोक येतात ते काळी नदीत होड्या हाकायला आणि जंगल बघायला. होड्या चारला संपतात. मग माणसं आंघोळ करून अंगणात बसतात, फोनला रेंज मिळते का बघतात, आणि ती नाही म्हटल्यावर मला विचारतात, संध्याकाळी इथे बघण्यासारखं काय आहे. खरं उत्तर ‘काही नाही’ असं होतं, पण ते देऊन धंदा चालत नाही. एकदा पुण्याच्या पाहुण्यांनी असंच विचारलं तेव्हा मामा पायरीशी उभ्यानेच वाल सोलत होता. रिटायर झाला होता, मामी गेल्यापासून आमच्याकडेच राहत होता. त्याने वालाचं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाला, “मी आणतो फिरवून. बारबी दावतो, गावबी दावतो.”

आतल्या खोलीतून माझी आई म्हणाली, “रामनगरात काय दावणार हाय ह्यो?”

आई त्याची थोरली बहीण. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती कॉटवरच होती आणि नजरही अंधुक झाली होती, पण कान शाबूत होते.  मामाने खुंटीवरची जुनी शिट्टी काढली, गळ्यात अडकवली आणि पाहुण्यांना घेऊन निघाला. दोन तासांनी ती मंडळी परत आली ती इतकी खुशीत, की सगळी खुशी काही बिअरची असणं शक्य नव्हतं. महिन्याभरात लोक फोनवर खोली आहे का हे नंतर आणि मामाची फेरी आहे का हे आधी विचारायला लागले.

ही फेरी म्हणजे एक पायी बस होती. फाटकाशी मामा सगळ्यांना ओळीत उभं करायचा आणि डोकी मोजायचा. दोन शिट्ट्या म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. मध्येच कुणी फोटो काढायला रेंगाळलं तर “पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय” असं ओरडायचा, मोकळ्या रस्त्यावर. प्रत्येक बारमधून बाहेर पडताना पुन्हा डोकी मोजायची. एकदा सात निघाले होते आणि तिसऱ्या बारनंतर आठ भरले. आठवा एक तमिळ ट्रकवाला होता. गोव्याला मासळीच्या पेट्या घेऊन चाललेला, जेवायला थांबलेला. ही मिरवणूक कसली म्हणून तो सामील झाला होता. मामाने त्याला उतरवलं नाही. चढलेल्या प्रवाशाला मध्येच उतरवायचं नाही हा त्याचा नियम होता. ट्रकवाला शेवटच्या स्टॉपपर्यंत आला आणि जाताना मामाला दोन बांगडे देऊन गेला.

आता गावाबद्दल. रामनगरात जुनं असं काही नाही, कारण गावच जुनं नाही. आमचं गाव सुपे. धरण झालं, सुपे पाण्याखाली गेलं, आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांना इथे प्लॉट मिळाले. ते मिळाले तसे मिळाले. सुप्यात भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसं इथे हायवेच्या अल्याड-पल्याड जाऊन पडली. मामा तेव्हा ऐन पंचविशीत होता. पुढे सुप्यातल्या आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी हायवेच्या कडेला खानावळी काढल्या, आणि ट्रकवाल्यांना जे हवं ते ठेवता ठेवता त्यांचे बार झाले. मामा पाहुण्यांना न्यायचा ते याच पाच घरी.

पण त्याच्या डोक्यात गाव सुप्याचंच होतं. पंक्चरच्या दुकानापुढे उभा राहून तो सांगायचा, “ही आमची शाळा. हितं मास्तरनी मला बाकावर उभं केलं.” पाहुणे बिचारे पंक्चरच्या दुकानाचा फोटो काढायचे. एटीएमशी आलं की चिंचेचा पार. सिमेंटच्या गोदामापाशी बाजारकट्टा. आणि पहिल्या बारच्या बाहेर, जिथे पाणी म्हणजे फक्त गटाराचं, तिथे नदीचा घाट. ‘होती’ असं तो कधी म्हणायचा नाही. सगळं ‘आहे’. ऐकणाऱ्याला वाटायचं, अंधार पडल्यामुळे आपल्यालाच दिसत नाही.

शिवाय त्याचा रस्ता. पाचही बार एकाच हायवेवर, दोन या बाजूला, तीन त्या बाजूला. शहाणा माणूस एका बाजूने जाईल आणि दुसऱ्या बाजूने येईल. मामा चार वेळा हायवे ओलांडायचा. हात वर करून, शिट्टी फुंकून, दोन्हीकडचे ट्रक थांबवून, मागे ती मंडळी मेंढरांसारखी. का, तर घाटावरून वर आलं की सुप्यात पहिलं घर कुणाचं, दुसरं कुणाचं, हा क्रम होता आणि त्याच क्रमाने तो बार घ्यायचा. बसचे स्टॉप पुढेमागे करतात काय, असं मलाच वर विचारायचा.

प्रत्येक बारमध्ये त्याची चौकशी ठरलेली. सुनेचं बाळंतपण कसं झालं, म्हाताऱ्याची साखर उतरली का, धारवाडचा मुलगा फोन करतो का. पाहुणे पीत असत आणि मामा सोडा हातात घेऊन घरची ख्यालीखुशाली विचारत असे. सगळ्यात जास्त वेळ जायचा तिसऱ्या बारमध्ये. त्याला आम्ही मधलं घर म्हणायचो, कारण गल्लीत ते मधोमध होतं. पाटी बारची, पण मिळायची उकडलेली अंडी आणि कोमट बिअर. गल्ल्यामागे खुर्चीत मधली काकू बसलेली असे, आईच्या वयाची, गुडघ्यांनी अधू. मामा शिरला की ती अंडं सोलता सोलता एकच प्रश्न विचारायची, “आक्का जेवली काय?” आक्का म्हणजे माझी आई.

घरी आल्यावर मामा आईच्या कॉटशी उभा राहायचा आणि दोघं बहीणभाऊ बोलत असायची. मी स्वयंपाकघरात पाहुण्यांच्या भाकऱ्या थापत असे. म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा म्हणून मी कधी कान दिला नाही.

मग ती तक्रार आली. बेंगळूरुच्या एका गृहस्थांनी आमच्या होमस्टेबद्दल इंटरनेटवर लिहिलं, की जेवण उत्तम, खोल्या स्वच्छ, पण गाईडने दाखवलेल्या ठिकाणांपैकी चार अस्तित्वातच नाहीत, आणि विनाकारण चार वेळा हायवे ओलांडायला लावला. माझं डोकं फिरलं. त्या गृहस्थांवर नाही, मामावर. कारण त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि धंदा माझा होता. मी वहीचा कागद घेऊन नकाशा काढला. या बाजूने जायचं, एकदाच ओलांडायचं, त्या बाजूने यायचं. नसलेली ठिकाणं गाळली. मधलं घरही गाळलं, कारण कोमट बिअरसाठी कुणी गाव फिरत नाही. मामाने नकाशा हातात घेतला, चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाला, “बरं.”

त्या संध्याकाळी मीही बरोबर गेले, नकाशा पाळतो की नाही बघायला. त्याने तंतोतंत पाळला. पण माणूस पार हरवला. पहिल्या बारच्या दारात शिट्टी वाजवायची विसरला आणि पुढे जाऊन वाजवली. घाटाची गोष्ट सुरू केली, थांबला, माझ्याकडे बघितलं आणि गप्प झाला. एका बारमालकाला दुसऱ्याच्या सुनेचं विचारलं. शेवटी तर डोकी मोजताना दोनदा चुकला. इतकी वर्षं भरल्या बसमध्ये न चुकलेला माणूस सहा पाहुणे मोजू शकेना. तासाभरात आम्ही घरी आलो. पाहुणे म्हणाले, छान झालं, आटोपशीर. मीही स्वतःवर खूश होते.

मामा नेहमीसारखा आईच्या कॉटशी गेला. मी पाण्याचा तांब्या ठेवायला तिथे गेले होते म्हणून मला ऐकू आलं.

“घाटावरनं वर आलास,” आई डोळे मिटून म्हणाली. “मग कोण?”

मामा एकेका घराचं सांगू लागला. आई मान हलवत होती. ती नुसती ऐकत नव्हती, ती चालत होती. इतके दिवस रोज संध्याकाळी माझी कॉटवरची आई सुप्याच्या गल्लीतून वर चढत होती आणि मला पत्ता नव्हता. दोन घरं झाली आणि मामा थेट चौथ्यावर गेला.

“मधलं घर?” आईने विचारलं.

मामा थांबला. माझं नाव घेतलं नाही. म्हणाला, “आज बस थांबली न्हाई तितं.”

आईने डोळे उघडले. “गेली काय ती?”

मामाने नाही नाही म्हणून पुष्कळ सांगितलं, पण तिचा विश्वास बसेना. आपल्याला धक्का नको म्हणून हा लपवतोय असंच ती धरून बसली. मी काकूच्या घरी फोन लावून दिला. तसा आधीही एकदा लावून दिला होता. तेव्हा दोघी म्हाताऱ्या फोन कानाला लावून नुसत्या बसल्या होत्या. एकीने विचारलं जेवलीस, दुसरी म्हणाली जेवले, संपलं. त्या दिवशी तर फोन कुणी उचललाही नाही. आईने ताट सारलं. आणि मला, सांगायला लाज वाटते, त्या क्षणीसुद्धा आधी मामाचा राग आला.

मामा दाराशी गेला. शिट्टी गळ्यात होतीच, चपला घातल्या आणि एकटाच निघाला. मी फाटकात उभी राहून बघत होते. मोकळा रस्ता, मागे एकही पाहुणा नाही, आणि मामा हात वर करून ट्रक थांबवत हायवे ओलांडत होता. अर्ध्या तासाने परत आला, धापा टाकत, हातात कागदात बांधलेलं सोललेलं अंडं.

“थांबली,” तो आईला म्हणाला. “आक्का जेवली काय म्हणून इचारती. काय सांगू?”

आईने अंडं हातात घेतलं, दाबून बघितलं आणि म्हणाली, “मीठ लावाय इसरली बग.” मग जेवली.

नकाशा मी सकाळी चुलीत घातला. मामाची मी कधी माफी मागितली नाही आणि त्याने कधी विषय काढला नाही. फक्त एकदा मी विचारलं, की बातमीच आणायची होती तर हे पाहुण्यांचं लचांड कशाला, आपला एकटा जाऊन यायचास. तो म्हणाला, “बाय, न पिणारा माणूस रोज बारात गेला तर गाव काय म्हणंल?” म्हणजे इतकी वर्षं माझे पाहुणे त्याला नेत होते, तो पाहुण्यांना नव्हे.

आई गेली तेव्हाही मामाने फेरी फार दिवस बंद ठेवली नाही. काकू वाट बघत असेल, म्हणाला. पण पुढे त्याचे गुडघे गेले आणि त्याच्या मुलाने त्याला बेळगावला नेलं. तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. जायच्या दिवशी त्याने शिट्टी माझ्या गळ्यात घातली आणि बजावलं, दोन म्हणजे चला, एक म्हणजे थांबा, आणि डोकी मोजल्याशिवाय स्टॉप सोडायचा नाही. वर म्हणाला, “तुला वाजवाय याची न्हाई.” मला अजूनही धड येत नाही.

आता फेरी मी नेते. चार वेळा हायवे ओलांडते. पंक्चरच्या दुकानाला शाळा म्हणते, आणि ठिकाणं दिसत नाहीत अशी तक्रार आली तर आधीच सांगितलं होतं म्हणते, कारण चार ठिकाणं दिसणार नाहीत अशी पाटीच मी फाटकाला लावली आहे. घरी आले की बेळगावहून फोन येतो. जेवलीस का, पाहुणे किती, काही नाही. मामा थेट विचारतो, “घाटावरनं वर आलीस. मग कोण?”

मी एकेक घर सांगते. तो चालतो. कधी चुकले तर दरडावतो, पुढचा स्टॉप आधी कसा आला म्हणून.

गेल्या महिन्यात मी हायवे ओलांडून मधल्या घराशी आले तर शटर खाली होतं. बाहेर चपला होत्या, अंगणात माणसं उभी होती. मी शिट्टी एकदा वाजवली. पाहुणे थांबले.  पुष्कळ वेळाने दोनदा वाजवली.

घरी आले तोवर फोन वाजत होता. घाटावरनं वर आलीस, मग कोण. मी पहिलं घर सांगितलं, दुसरं सांगितलं, दुसऱ्याचं जरा जास्तच सांगत बसले.

“मधलं घर?” मामाने विचारलं.

खोटं बोलायचं मी वाटेतच ठरवलं होतं. काकू अंडी सोलतेय म्हणायचं, एवढं सोपं होतं. पण माझ्या तोंडून त्याचंच वाक्य निघालं.

“मामा, आज बस थांबली न्हाई तितं.”

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तो उठून उभा राहिला असावा. 

“बरं,” तो म्हणाला. “डोकी मोजलीस? मग वाजीव दोन.”