पाणपोईची नळी

थांबा, हे मले आत्ताच सांगू द्या. सकाळी पाटलाचा मानूस येऊन गेला, अन् तवापासून मी घरातल्या घरात फेऱ्या मारून राह्यलो. सांगितलं नाही तं घास नाही उतरनार.

गोष्ट मांगच्या उन्हाळ्यातली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्सं झाले होते, पन लोकायच्या मनातला पान्याचा धाक गेला नव्हता. आमच्या फाट्यावर, मंगरूळपीरची बस थांबते तिथं, पाटलानं पाणपोई लावली. दोन रांजन, वर कापसाच्या पऱ्हाटीचा मांडव, अन् पानी वाढाले एक म्हातारा. मी आयटीआयत पत्र्याचं काम शिकत होतो. पाटलानं मले बलावलं.

"लेका, शिकून राह्यला ना तू? मंग लाव काही डोकं. आपल्या लोकायले गिलास आहेच. त्या तिकडच्यायले दुरून पानी देता आलं पाह्यजे. अन् सांडलं नाही पाह्यजे."

तिकडचे म्हंजे बौद्ध वस्तीतले. खोटं कायले बोलू, मले पुरतं समजलं होतं. पन कोन्या मोठ्या मानसानं मले डोकं लावाले सांगितलं ते पैल्यांदाच! मी तं उडालोच. वहीच्या मांगच्या पानावर नकाशे काढत सुटलो. इकून नरसाळं, त्याले साडेतीन फूट पत्र्याची नळी, तोंडाशी खाली वाकवलेली. म्हाताऱ्यानं नरसाळ्यात लोटा ओतला का पानी थेट समोरच्याच्या ओंजळीत. थेंब वाया नाही, गिलास इसळाचं काम नाही. किती साफसूफ काम, असं मी सोताले सांगत होतो.

वाकवल्या जागी सांधा बुजवाले कथलाचा डाग काही बसेना. पानी झिरपे. मंग बाजूच्या टेबलावरच्या दोस्तानं नळी हातात घेतली. तो बौद्ध, शेजारच्या गावचा. आमी एका डब्यात जेवत होतो. त्याच्यासारखा साफ डाग वर्गात कोनीच देत नव्हता.

"कायची बे हे नळी?"

"पाणपोईची. पानी वाया जाऊ नये म्हनून."

"भारी डोकं आहे बे तुह्यं!"

त्यानं खुशीत डाग दिला. पुढचं अर्धं मी त्याले सांगितलंच नाही.

आठ दिवसांनी मी फाट्यावर उभा होतो. कायले? आपली नळी पाहाले, दुसरं काय! बस आली अन् त्यातून तोच उतरला, संगं त्याची माय. उन्हानं बाईचं तोंड सुकलं होतं. माय मांडवापाशी आली.

"कोनाकडं आले बाई तुमी?" म्हाताऱ्यानं इचारलं.

"वस्तीत बहीन हाये माही."

म्हाताऱ्यानं हातातला गिलास खाली ठेवला अन् नळी पुढं सरकवली. मायनं ओंजळ धरली. तिले नवं नव्हतं ते. पन पोराची नजर नळीच्या वाकनावर गेली.

"माय, थांब."

मंग त्यानं माह्याकडं पाह्यलं. "गळत तं नाही ना बे?"

"नाही," मी म्हनलं. एवढंच म्हनलं!

मायनं कोरडेच हात लुगड्याले पुसले. दोघं तसेच उन्हात वस्तीकडं निंघून गेले.

दोन दिवसांनी मी नळी काढून आनली. पाटलानं इचारलं, "काहून काढली रे?" खरं उत्तर दातापोतर आलं होतं. अन् मी म्हनलं, "गळून राह्यली होती."

पाटलानं ते फाट्यावर हसत हसत सांगितलं. वस्तीतल्या त्याच्या मावशीनं आयकलं. सोमवारी वर्गात तो पत्र्यावर कानस घासत होता. मान वर न करता म्हने, "लय गळत होती म्हन्ते?"

मंग माह्या डोक्यात उजेड पडला. सोताले वाचवाले मी त्याचाच डाग खोटा पाडला होता! दुसऱ्या दिवसापासून त्यानं टेबल बदललं. डबाही.

अन् आज सकाळी हा मानूस. "पाटील म्हन्ते, यंदा पितळेची कर. पक्की."

"मी नाही करत."

"काहून?"

"परीक्षा आहे."

पाह्यलं? पुन्हा तेच! "मंग नकाशा तरी दे," तो म्हने, "दुसऱ्याच्या हातून करून घेतो." अन् मी वही काढून देली. माह्याच हातानं.

आता वही पाटलाच्या घरी आहे. आनाले गेलो तं काहून पाह्यजे ते तोंडावर सांगावं लागन, अन् माह्ये पाय उचलून नाही राह्यले. तुमच्या हातून बनली का कधी अशी चीज, बनवतानी सारं समजत असून? मंग तोंड उघडलं का तुमी? कसं उघडलं, सांगा ना!