कायमचा पत्ता अंबाजोगाई

पेढा मी तोंडात टाकणार, तेवढ्यात देशपांडे म्हणाले, "बारावी लातूरहून केली ना तिनं, म्हणून एवढे मार्क पडले!"

मी पेढा परत डिशमध्ये ठेवला.

"आणि दहावी?"

"दहावी इथंच. सॉल्ट लेकला. का हो मॅडम?"

समोर सोफ्यावर तिघं बसली होती. प्रमोद देशपांडे, कोलकात्याच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका खाजगी कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. त्यांच्या पत्नी वैशाली, ज्यांनी पेढे घरी केले होते, कारण इथली बंगाली मिठाई, संदेश, म्हणजे काही पेढा नव्हे. आणि त्यांची एकुलती एक मुलगी शलाका. 'नीट'चा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला होता. मार्क खरोखर चांगले होते. कोणतं कॉलेज आधी भरायचं, एवढंच विचारायला ती मंडळी आली होती.

बालीगंजला आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत मी मुलांना दहावी-बारावीनंतर काय करावं याचा सल्ला देते. आधी शाळेत बायॉलॉजी शिकवत असे. दारावर 'करिअर काउन्सेलर' अशी पाटी आहे, पण लोक मला ॲडमिशनवाल्या बाई म्हणूनच ओळखतात. आम्ही आजोबांच्या वेळेपासून कोलकात्यात. त्यामुळे गावातली मराठी घरं फिरून फिरून माझ्याकडेच येतात. फक्त बहुतेक जण निकालानंतर येतात. वरात दारात आल्यावर पत्रिका जुळवायला बसावं, तसं.

शलाकाला नेहमीप्रमाणे माझा पहिला प्रश्न विचारून झाला होता. तुला काय आवडतं? ती "डॉक्टर व्हायचंय" म्हणाली होती, आणि लहान मुलांबरोबर काम करायला आवडेल, असं थोडं थांबून म्हणाली होती. आता मला पुढचं बोलणं भाग होतं.

"देशपांडे, जरा शांतपणे ऐका," मी म्हटलं. "सरकारी मेडिकल कॉलेजात शंभरातल्या पंधरा जागा सगळ्या देशातल्या मुलांसाठी असतात. उरलेल्या पंच्याऐंशी त्या त्या राज्यातल्या मुलांच्या. त्याला स्टेट कोटा म्हणतात. देशाच्या यादीत शलाकाचा नंबर लागणार नाही. तेवढे मार्क नाहीत."

"माहीत आहे हो. आपल्याला महाराष्ट्राचा स्टेट कोटा."

"महाराष्ट्राला दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातून लागतात."

"पण आम्ही महाराष्ट्राचेच आहोत!"

"तुम्ही आहात. तिची दहावी नाही."

त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "बदलीवाल्यांना सूट असते ना?"

"सरकारी नोकरांना. तुमची कंपनी खाजगी."

वैशालीताई मधेच म्हणाल्या, "मग बंगालमध्ये? तिचा जन्म इथला. सगळी शाळा इथली."

इथं मला खरंच वाईट वाटलं, कारण हाच रस्ता सरळ होता. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, मी सांगते ते त्या वर्षीचे. बंगालच्या कोट्यासाठी मुलानं अर्ज भरेपर्यंत बरीच वर्षं सलग इथं राहिलेलं असावं लागतं. शलाका अकरावी-बारावीला लातूरला मामाकडे होती. सलगपणा तिथं तुटला. नसेल सलग, तर निदान आईवडिलांचं कायमचं घर बंगालमध्ये असायला हवं.

"तुमचं घर?"

"कंपनीचा फ्लॅट आहे."

"स्वतःचं?"

"पुण्यात घेतलाय. भाड्यानं दिलाय."

"आधार, मतदारकार्ड, पासपोर्ट?"

देशपांड्यांनी मान जरा वर केली. सवयीनं अभिमान वाटतो ना, तसा चेहरा झाला त्यांचा. "सगळं अंबाजोगाईचं. कायमचा पत्ता मी कधी बदलला नाही, मॅडम. मतदानाला गावी जातो. शेवटी जायचं तिकडेच आहे."

वीस-बावीस वर्षं हा माणूस या शहरात जेवला, झोपला, इथल्या दुर्गापुजोची वर्गणी देत राहिला. आणि कागदावर तो कधी इथं आलाच नव्हता. बागबाजारच्या बाजूला मराठ्यांना बाहेर ठेवायला इथल्या लोकांनी एकेकाळी खंदक खणला होता. देशपांड्यांनी आपला आपणच खणला.

"म्हणजे ती दोन्हीकडे बसत नाही?" वैशालीताईंनी विचारलं.

"नाही."

मग शलाका आईकडे न बघता म्हणाली, "मी म्हणाले होते, मला इथेच राहायचंय."

मग त्यांची गोष्ट कळली, तुटक तुटक. दहावीनंतर शलाकाला तिच्या शाळेतच पुढं शिकायचं होतं. मैत्रिणी इथल्या, क्लास इथला. पण घरात ती मराठी बोलायला अडखळायची, मधे मधे बंगाली यायचं. देशपांड्यांना ते खुपायचं. लातूरला मेडिकलच्या परीक्षेची तयारी चांगली होते, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. शिवाय तिथं मामा. अभ्यासही होईल आणि पोर आपल्या माणसांत राहील. एका दगडात दोन पक्षी! लातूरला मामेभाऊ ओंकार त्याच वर्गात होता, सोबत मिळाली. घर मोठ्या प्रेमाचं. कोणीही वाईट वागलं नाही. या गोष्टीत वाईट माणूस शोधायला गेलं, तर सापडत नाही, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

"क्लासवाल्यांनी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"त्यांनी विचारलं होतं, महाराष्ट्राचे ना? मी म्हटलं, म्हणजे काय! अंबाजोगाईचे."

देशपांड्यांचा विश्वास बसत नव्हता. साहजिक आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि मला गळ घातली, म्हणून मी त्यांच्याबरोबर रहिवासी दाखल्याच्या ऑफिसात गेले. खिडकीवरचे बाबू भले होते. सगळी कागदपत्रं त्यांनी दोनदा पाहिली.

"दादा, आपनार स्थायी ठिकाना तो महाराष्ट्र," ते म्हणाले. मग देशपांड्यांचा चेहरा बघून हिंदीत आले. "इतने साल में चेंज क्यों नहीं किया?"

बाहेर येऊन देशपांड्यांनी चहा मागवला आणि तो हातातच निवला. "आज बदलला तर?" त्यांनी विचारलं.

"पुढं कधीतरी उपयोग होईल. यंदा नाही."

मुंबईलाही त्यांनी फोन लावले. ओळखीतून ओळख काढली. सगळीकडून एकच उत्तर आलं. मग याद्या लागल्या. ओंकारला महाराष्ट्रात सरकारी कॉलेज मिळालं. शलाकाची शाळेतली मैत्रीण परोमिता, तिला इथं कोलकात्यात मिळालं. दोघांचेही मार्क शलाकापेक्षा कमी होते. दोघांनीही तिला आधी फोन केला, बिचाऱ्यांनी. तिनं दोघांचं अभिनंदन केलं आणि नंतर दोन दिवस जेवली नाही, असं वैशालीताईंनी मला सांगितलं.

माझं काम इथून सुरू होतं. एक दार बंद झालं की दुसरं दाखवायचं. मी तिघांना पुन्हा बोलावलं. ज्या खाजगी कॉलेजांना राज्याची अट नसते, तिथली फी ऐकून देशपांड्यांनी हातानंच नको म्हटलं. मग मी फिजिओथेरपी सांगितली, नर्सिंग सांगितलं, मायक्रोबायॉलॉजी सांगितलं. आणि एक कोर्स मुद्दाम शेवटी ठेवला होता. ज्या लहान मुलांना नीट ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही, त्यांना तपासायचं आणि बोलायला शिकवायचं, त्याची पदवी. स्पीच थेरपी म्हणतात. कोलकात्यात सोय आहे, मुदत अजून संपली नव्हती.

शलाका पहिल्यांदाच पुढं सरकून बसली. "म्हणजे लहान मुलं येतात?"

"जास्त करून लहानच."

"आणि ती बोलायला लागतात?"

"काही लागतात. काहींना वर्षं जातात."

तिनं वडिलांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"आणि पुढं काय?" देशपांडे म्हणाले. "कानाची मशीन विकायची? मॅडम, ती डॉक्टर होणार हे सगळ्या गावाला माहीत आहे. आपण ड्रॉप घेऊ."

ड्रॉप म्हणजे एक वर्ष दुसरं काही न करता तीच परीक्षा पुन्हा द्यायची. काही मुलांना त्याचा उपयोग होतो. हिला कसा होणार?

"देशपांडे, नियम तोच राहणार आहे. दहावी काही पुन्हा देता येत नाही, आणि इथला पत्ता आज केला तरी वर्षभरात जुना होत नाही. तिला देशाच्या यादीतच नंबर काढावा लागेल, आणि ती उडी फार मोठी आहे."

"मारेल ती. हुशार आहे."

"तिला विचारलंत?"

"तिच्या भल्याचंच बघतोय ना मी?"

वैशालीताई पदराशी चाळा करत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे आशेनं पाहिलं. त्या म्हणाल्या, "एका वर्षाचाच तर प्रश्न आहे, ताई." तेव्हा मला कळलं की आता खोलीत माझ्या बाजूला कोणी नाही. शलाका मागं सरकून बसली होती. त्या सोफ्यावर इतक्या मुलांना मी असं मागं सरकताना पाहिलंय. दर वेळी वाटतं, आता तरी आपण उठून काही तोडफोड करावी. मी करत नाही. चहा विचारते.

ती पुन्हा लातूरला गेली. या खेपेला ओंकार घरात नव्हता, कॉलेजला गेला होता. त्याच्या खोलीत, त्याच्याच टेबलावर तिनं अभ्यास केला. पुढच्या निकालाला मला कोणी पेढे आणले नाहीत. मार्क आदल्या वर्षापेक्षा कमी होते.

मीच फोन करून बोलावलं. शलाका आईबरोबर आली. वजन उतरलं होतं. मराठी मात्र आता अगदी स्वच्छ, लातूरचा थोडा हेल घेतलेलं. देशपांड्यांना जे हवं होतं त्यातलं एवढं तरी झालं होतं. मी म्हटलं, "तो बोलायला शिकवण्याचा कोर्स आहे अजून. यंदाही भरता येईल. आवडला होता ना तुला?"

"हो का?" ती म्हणाली.

"मागच्या वर्षी विचारत होतीस, मुलं बोलायला लागतात का म्हणून."

"आठवत नाही, काकू. तुम्ही सांगाल ते भरते."

इतक्या वर्षांत नापास झालेली मुलं पाहिली, रडणारी पाहिली, आईबापांवर ओरडणारी पाहिली. त्यांची मला भीती वाटत नाही. "तुम्ही सांगाल ते भरते" म्हणणाऱ्या मुलाची वाटते. त्याला काय सांगणार? मी तो फॉर्म भरायला लावला. इंटरव्ह्यूच्या दिवशी ती गेलीच नाही. जवळच्या एका कॉलेजात साध्या बी.एस्सी.ला जागा होती, तिथं नाव घातलं. अजून तिथंच आहे.

परवा आपल्या मराठी मंडळींच्या गणपतीत ती सगळी भेटली. देशपांड्यांनी इथं न्यू टाउनला स्वतःचा फ्लॅट घेतलाय. मला बाजूला घेऊन त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "सगळं इथलं करून घेतलं, मॅडम. आधार, मतदारकार्ड, पासपोर्ट. कायमचा पत्ता कोलकाता." आणि माझ्याकडे बघत राहिले, जणू मी आता काहीतरी करू शकेन. मी "बरं केलंत" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शलाका प्रसादाच्या टेबलामागं उभी होती. लोकांना द्रोण देत होती आणि सगळ्यांशी बंगालीत बोलत होती, आजीबाईंशीसुद्धा. कॉलेज सुरू झाल्यापासून ती घरात मराठी बोलत नाही, वैशालीताई म्हणाल्या. भांडत नाही, चिडत नाही. फक्त बोलत नाही.

देशपांडे ओशाळल्यासारखे पुढं झाले. "शलाका, काकूंशी मराठीत बोल की गं. किती छान बोलतेस तू."

तिनं माझ्या हातात द्रोण दिला. माझ्याकडे नीट पाहिलं, आणि अगदी स्वच्छ मराठीत विचारलं, "काय बोलू?"

सल्ला देणं हा माझा धंदा आहे. मी द्रोण घेऊन खुर्चीवर जाऊन बसले.

आता माझ्याकडे कोणी आलं की मुलाला काय आवडतं, हे मी आधी विचारत नाही. दहावी कुठून, बारावी कुठून, घर कोणाच्या नावावर, पत्ता कुठला, हे विचारते. ते सगळं जमत असलं, तरच दुसरा प्रश्न. अठरा वर्षांच्या पोराला आधी पत्ता विचारायची मला लाज वाटते. पण विचारते.