न म्हटलेलं आमेन

देवळाली प्रवरेच्या पंचक्रोशीत कारभारी शेलारासारखा गवंडी नव्हता, आणि त्याच्यासारखा वाद घालणाराही नव्हता. दिवसभर लोकांच्या भिंती उभ्या करायच्या आणि संध्याकाळी चर्चच्या ओट्यावर बसून लोकांची मतं पाडायची, हा त्याचा नेम. शिक्षण सातवी. पण एकदा मिशनच्या तीन आठवड्यांच्या शिबिराला जाऊन आला, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एक देव कसा, हे पाळकसाहेबांपेक्षा आपल्यालाच नीट समजलंय, अशी त्याची खात्री झाली. पुढं मंडळीनं त्याला पंच केलं. मग तर विचारायलाच नको!

पण घोडं अडलं ते घरातच. धाकटा भाऊ भिमाजी कोपरगावकडं साखर कारखान्यात कामाला होता. बाप लवकर गेल्यामुळं कारभारीनंच त्याला खांद्यावर वागवलेलं, शाळेत घातलेलं, पहिली विजार शिवून दिलेली. एकाहत्तरच्या नाताळाला हा भिमाजी घरी आला आणि म्हणाला, "दादा, मी पुन्यांदा बाप्तिस्मा घेतला. गोदावरीत. फकस्त येशूच्या नावानं."

"आन आदूगरचा काय वाया गेला?"

"देव एकच हाय, दादा. बाप तोच, ल्योक तोच, आत्माबी तोच. त्याचं नाव येशू. तीन कशाला करायचे?"

"तीन कोन करतंय? व्यक्ती तीन, देव एक! प्रभूनं सोता सांगितलेली नावं तू गाळतोस?"

"प्रेषितांनी तरी कुठं तीन नावं घेतली? येशूच्याच नावानं बाप्तिस्मा देत हुते न्हवं?"

दोन दिवस हेच. शास्त्र उघडायचं, वचन काढायचं, दुसऱ्याच्या तोंडावर आपटायचं. शेवटी तांदूळ निवडता निवडता त्यांची आई राहीबाई म्हणाली, "आरं, त्यो वरचा ऐकतोय ना तुमचं? मंग जरा हळू बोला."

भिमाजी हसला आणि जेवायला उठला. ते हसणंच कारभारीला झोंबलं. वादात हार-जीत झाली असती तर तो शांत झाला असता. पण भाऊ हसून उठला, म्हणजे आपल्याला मोजलंच नाही, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. नाताळ सरताच त्यानं पंचांच्या बैठकीत ठराव मांडला आणि रेटून मंजूर करून घेतला. दुसरा बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या प्रार्थनेला मंडळीतल्या कुणीही आमेन म्हणायचं नाही. ख्रिस्ती घरात प्रार्थना एक जण करतो, बाकीचे आमेन म्हणतात, तेव्हा ती सगळ्यांची होते. भावाची प्रार्थना त्याच्या एकट्याचीच राहावी, एवढीच कारभारीची इच्छा होती. माणूस वाईट नव्हता हो, पण हेका वाईट.

बाहत्तरचा दुष्काळ आला. त्यापुढच्या उन्हाळ्यात राहीबाईनं अंथरूण धरलं. भिमाजी रजा टाकून आला. एका दुपारी म्हातारीनं दोघांना जवळ बसवलं.

"भिमा, तू प्रार्थना कर. कारभारी, तू आमेन म्हन. मला तुमचं दोघांचं एकदा ऐकू द्या."

भिमाजीनं गुडघे टेकले. आईच्या श्वासासाठी मागितलं. मग म्हणाला, "माज्या दादाला सांभाळ. त्यानं मला बापावानी वाढवलं. हे येशूच्या नावात मागतो."

कारभारीची बायको मालनबाई हलकेच आमेन म्हणाली. राहीबाईही म्हणाली, आणि थोरल्याकडं बघत राहिली. शब्द कारभारीच्या घशाशी आला होता. आला होता, हे त्याला पुढं जन्मभर ठाऊक होतं.

"म्हन की, बाळा."

"आये, ठराव झालाय."

मरणाच्या दारातल्या आईला हा गृहस्थ ठराव सांगत होता! राहीबाईनं कूस बदलली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तिन्ही नावांनी प्रार्थना केली. शेवटी सगळ्यांत मोठ्यानं आमेन आलं ते भिमाजीचं. कारभारीनं मान वर केली नाही. लाज काय असते, ते त्याला त्या दिवशी कळलं.

पुढं त्यानं पंचपण सोडलं. ओट्यावर बसणंही सोडलं. भांडायचं कुणाशी? ज्याच्याशी मजा यायची तो कोपरगावला होता. वर्षभर मनाशी घोकून एका रविवारी त्यानं एस्टी पकडली.

भिमाजीला आनंद मावेना. पाय धुवायला पाणी दिलं, मटण आणलं, भावाला शेजारी बसवून घेतलं. ताटं वाढली. कारभारीनं हात जोडले, डोळे मिटले. आता हा कुठल्याही नावानं मागू दे, आपण असं आमेन म्हणायचं की शेजारच्या चाळीत ऐकू गेलं पाहिजे. तो वाट बघत राहिला.

"जेव की, दादा."

त्यानं डोळे उघडले. भिमाजीनं भाकरी मोडलीसुद्धा होती.

"प्रार्थना?"

"तू असल्यावर मनातल्या मनात करतो. उगं तुला अवघड नको."

"आरं, म्हनतो मी आमेन. तू कर."

भिमाजी रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं रस्स्यातला मोठा तुकडा उचलून भावाच्या ताटात ठेवला.

"मला कुठं पाहिजे हुतं, दादा? आयेला पाहिजे हुतं. जेव तू."